बंद गाडीचं बटण

दाखव बघू तो फोन इकडे. चष्मा द्या रे माझा कोणीतरी. हं... दोन सीटची, लाल. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालते म्हणतोस. आणि वापरलेली. एकाच हातची असेल ना? असणारच. जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या जगात सगळ्या गाड्या एकाच हातच्या असतात, आणि तो हात नेहमी एखाद्या डॉक्टरचा असतो.

घे की तू, मामाच्या बापाचं काय जातंय. पण मघाशी जेवताना छाती फुगवून म्हणालास ना, "मामा, उभी असली की आवाज अजिबात येत नाही," तेव्हा माझा घास अडकला. तुझ्या आईला वाटलं, मला भाजी आवडली नाही. भाजी चांगली होती. मला आमचा कवळीवाला आठवला.

तो दिवा राहू दे. घालवू नकोस. आणि तू गं, मांडी घालून नीट बस, निम्मी उठलेली निम्मी बसलेली अशी नको. सांगतो. पण मध्ये "कसं शक्य आहे मामा" करायचं नाही. कसं शक्य आहे ते मलाही ठाऊक नाही. यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय, बाकीचं त्यानं मला एकदाच सांगितलं. परत कधी विषय काढला नाही आणि मीही काढू दिला नाही.

माझं फ्रेमचं दुकान तुम्ही पाहिलंय. त्याला लागून एक अरुंद गाळा होता, त्यात एकजण कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हा गुलाबी मसाला कालवून त्यात दात बसवायचा. सगळा बाजार त्याला कवळीवाला म्हणायचा. रागावली की त्याची बायकोही तेच म्हणायची. हात इतका बारीक, की त्यानं केलेली कवळी घालून म्हातारे चणे फोडायचे. नाक मात्र ठार गेलेलं. त्या मसाल्यात घालतात त्या द्रवाचा दर्प असा, की भिंतीपलीकडे बसून माझं डोकं भणभणायचं. वर्षानुवर्षं त्यात बसून त्याला कसलाच वास येईनासा झाला होता. दूध करपून पातेलं काळं झालं तरी हा समोर बसून पेपर वाचत असायचा.

एका शनिवारी सकाळी तो दुकानात आला. "चल, शेजारच्या गावाला जाऊन येऊ. गाडी आणायचीय."

मी म्हटलं, "कोणाची?"

"माझी," म्हणाला, आणि लाजला. चाळिशी उलटलेला माणूस, नव्या नवरीसारखा लाजला.

गेलो. राखाडी रंगाची गाडी, जमिनीला पोट टेकलेली. दारं दोन, जागा दोन. तीत बसायचं म्हणजे बसायचं नाही, पडायचं. आणि उठायचं असेल तर बाहेरून कोणीतरी हात द्यायचा. सीटच्या मागे बॅटरी, तिचा पंखा कानाशी बारीक घोंघावत असतो. विकणारा म्हणाला, एका हातची आहे, डॉक्टरची. मी म्हटलं, बरं.

येताना वाटेत चहाला थांबलो. उतरलो, दारं लावली, टपरीच्या बाकावर बसलो. अर्धा कप झाला असेल नसेल, आणि समोर उभी असलेली गाडी आपणहून गुरगुरली. आत कोणी नाही. माझ्या शर्टावर चहा सांडला. कवळीवाला आधी घाबरला आणि मग पोट धरून हसत सुटला. गाडी बंद करायलाच विसरला होता तो! चालू असली तरी ती गप्प आणि बंद असली तरी गप्प, कळणार कसं? बॅटरी उतरली की इंजिन स्वतःच सुरू होतं, ती भरतं आणि थांबतं. बटण एकच. ब्रेकवर पाय ठेवून दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. नवख्या माणसाकडून अशी चूक होतेच म्हणे. तू हसतोयस ना आत्ता, तसेच आम्हीही हसलो.

त्याचं घर बाजारामागच्या गल्लीत. खाली गाडीपुरती खोली, तिला रस्त्याकडे दोन पानांचं लाकडी दार. त्या खोलीतूनच वर जिना. वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. पुढच्या खोलीत नवराबायको, मागच्या खोलीत पोरगी. म्हणजे गाडीच्या बरोबर डोक्यावर. पोरगी नऊ-दहा वर्षांची, एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

गाडी बघून वहिनी म्हणाल्या, "घरात माणसं तीन आणि गाडीत जागा दोन. नक्की कोणाला घरी ठेवायचा विचार आहे?"

तो म्हणाला, "आळीपाळीनं नेईन."

नेलं मात्र त्यानं बहुतेक वेळा भिंगरीलाच. शाळेत सोडायचा, आणायचा. गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं की दोघं एकदम "आई गं!" म्हणायची. बॅटरीच्या काड्या मोजायचं काम तिचं. समोरच्या पडद्यावर काड्या असतात, भरली की सगळ्या पेटतात, उतरली की एक-दोन राहतात. "बाबा, उतारावर एक वाढली!" असं ओरडायची. गल्लीत गाडी कधी आली ते कोणाला कळायचं नाही. माणसं मागे वळायची तर ही अगदी टाचेशी उभी. दोन म्हाताऱ्यांनी त्याला शिव्या घातल्या. तरी खुशीत होता. इतका खुशीत मी त्याला आधी कधी पाहिला नव्हता, आणि नंतर तर नाहीच.

पहिली गोष्ट काड्यांचीच झाली. एका सकाळी भिंगरी म्हणाली, "बाबा, काल रात्री दोनच होत्या. आज सगळ्या भरल्यात."

तो म्हणाला, "तू मोजायला चुकलीस."

ती चुकली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यानं स्वतः पाहिलं. रात्री दोन काड्या, सकाळी भरगच्च. आता ही गाडी काही भिंतीला वायर लावून भरायची नव्हे. ती पळते तेव्हा भरते, नाहीतर इंजिन चालतं तेव्हा. किलोमीटरचा आकडा हलला नव्हता. पेट्रोल मात्र थोडं उतरलं होतं.

म्हणजे रात्री ती उभ्या जागी चालली होती. बंद दारांच्या खोलीत.

त्याला हे कळायला पाहिजे होतं, बरोबर? मलाही कळायला पाहिजे होतं, त्यानं मला सांगितलं तेव्हा. मी म्हटलं, "जुनी गाडी आहे, काटे फिरले असतील." दोन शहाणे आम्ही.

त्याच सुमारास भिंगरीचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की डोकं धरून बसायची. परीक्षा जवळ आलेली, तेव्हा आईबापांना जे वाटायचं तेच वाटलं. ओरडा बसला तिला. मग डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी चष्मा दिला. चष्मा घालूनही डोकं दुखतच राहिलं. एकदा शाळेत उलटी झाली. पोरगी फिरायची थांबली रे. दुकानात आली की स्टुलावर बसून राहायची, भिंतीला डोकं टेकून.

वहिनी दोन-तीनदा म्हणाल्या, "खाली कसला तरी जळका वास येतो हो सकाळी."

हा खाली गेला, हुंगून आला. "कसला वास? काही नाही."

बरोबरच आहे. त्याला कुठून येणार?

एका दुपारी मी चौकटीला काच बसवत होतो. कवळीवाला आला. हातात अर्धवट घासलेली कवळी तशीच, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "ज्या सकाळी काड्या भरलेल्या असतात ना..."

"हं?"

"त्याच सकाळी तिचं डोकं दुखतं."

मी काच खाली ठेवली. पाचावर धारण बसते म्हणतात ना, ती काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

तसेच उठलो आणि गाडी घेऊन मेकॅनिककडे गेलो. त्यानं त्याचं यंत्र जोडलं, इकडे तिकडे तपासलं. सगळं ठीक. दोन रात्री त्याच्याकडे ठेवली. दोन्ही रात्री गाडी गार, काडी जागची हलली नाही. आणायला गेलो तेव्हा त्यानं हात पुसता पुसता सहज विचारलं, "घरी लहान मूल आहे का हो?"

कवळीवाला म्हणाला, "मुलगी आहे."

"झोपते कुठे?"

मीच म्हटलं, "गाडीच्या वरच्या खोलीत. का?"

मेकॅनिकनं फडकं खाली ठेवलं. "मग विकणाऱ्यानं तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही," म्हणाला.

डॉक्टरबिक्टर कोणी नव्हता आधीचा मालक. इमारतींचे नकाशे काढणारा माणूस होता. बायको नव्हती. एकच मुलगी, भिंगरीच्याच वयाची. एका रात्री उशिरा घरी आला, फोनवर बोलतच उतरला, बोलतच जिना चढला आणि झोपला. गाडी चालूच राहिली. गप्प होती ना! पुढे बॅटरी उतरली, इंजिन सुरू झालं, मग थांबलं, मग परत सुरू झालं. दारं बंद. तो जो वायू असतो त्याला स्वतःचा वास नाही, रंग नाही, खोकलासुद्धा येत नाही. वरच्या खोलीत मुलगी होती. सकाळी हा तिला शाळेसाठी उठवायला गेला...

पुढचं मेकॅनिकनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

"गाडी विकेना तो," मेकॅनिक म्हणाला. "दर रात्री उठायचा आणि खाली जायचा. गाडी बंद करायला. बंदच असायची हो ती! मला रात्री फोन करायचा, 'कितीदा बटण दाबलं तरी बंद होत नाही, या ना तुम्ही.' रडायचा फोनवर. मी काय करणार? मग एका सकाळी तोही त्याच गाडीत सापडला."

परत येताना कवळीवाला गाडी चालवत होता. म्हणाला, "मीही जातो रे."

"कुठे?"

"खाली. रात्री. त्या चहाच्या दिवसापासून मनात धाकधूक असते, बंद केली का नाही. म्हणून झोपेतून उठून बघून येतो. कधी दोन-दोनदा."

"बंद आहे का नाही ते कसं बघतोस? पडदा बघून?"

"झोपेत कुठला पडदा? ब्रेकवर पाय ठेवतो आणि..."

तिथं तो थांबला. बंद गाडीचं बटण दाबलं की काय होतं, ते आता तुम्हालाही कळतंय.

त्यानं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. पण खरं सांगू का? त्या रडण्यात अर्धा आनंद होता. भूतबीत काही नाही म्हणाला, मीच तो. स्वतःच्या पोरीच्या उशाशी रोज मीच धूर सोडत होतो. गुन्हेगार सापडला म्हणजे सुटलो. मलाही पटलं. आजही दिवसाउजेडी मला तेच पटतं.

त्याच संध्याकाळी त्यानं सगळं केलं, तुम्ही-मी जे केलं असतं ते सगळं. गाडी बाहेर गल्लीच्या कोपऱ्यावर लावली. लाकडी दाराला आतून कुलूप. गाडीची किल्ली आणि कुलपाची किल्ली वहिनींच्या उशाखाली. वहिनींना सांगितलं, "मी रात्री उठलो तर मला अडव." भिंगरी म्हणाली, "मी माझ्याच खोलीत झोपणार, उद्या पेपर आहे, पहाटे उठायचंय." त्यांनी झोपू दिलं. गाडी बाहेर होती ना. भ्यायचं काय?

जानेवारीतला दुसरा मंगळवार होता तो. अमावास्या-पौर्णिमा काही शोधू नका, साधा मंगळवार. थंडी कडाक्याची. पावणेतीनला त्याला जाग आली.

आवाजानं नाही. आवाज काहीच नव्हता.

जिन्याच्या वरच्या दाराखाली फट होती. त्या फटीतून उजेड येत होता.

लाल.

तो उठला. वहिनी गाढ झोपलेल्या. नेहमीपेक्षा गाढ. त्यानं हलवलं, त्या हलल्या नाहीत. त्यानं जिन्याचं दार उघडलं. खालची सगळी खोली लाल झाली होती. भिंती, पायऱ्या, छत.

गाडी आत होती.

लाकडी दाराचं कुलूप आतून तसंच लागलेलं. आणि गाडी आत. नेहमीच्या जागी, नेहमीसारखी नीट लावलेली. मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले. आता हे दिवे कधी पेटतात, तू सांग. तू चालवतोस ना? बरोबर. ब्रेकवर पाय असला की.

कोणाचा तरी पाय ब्रेकवर होता.

तो पायऱ्या उतरला. का उतरला, कसा उतरला, त्याला सांगता आलं नाही. दाराच्या काचेतून पाहिलं. सीट रिकामी. पण खाली... ब्रेक दाबलेला होता. पूर्ण. आणि समोर तो छोटा हिरवा दिवा. गाडी चालू होती.

त्यानं दार उघडलं. बाहेरूनच वाकला. बटण दाबलं.

हिरवा दिवा गेला. लाल तसाच.

तो मागे सरकणार, एवढ्यात...

बटण आत गेलं. आपणहून. कोणीतरी अंगठ्यानं दाबावं तसं.

हिरवा पेटला.

यानं परत दाबलं. बंद.

परत ते आत गेलं. चालू.

हा दाबतोय... ते दाबतंय. हा... ते. यानं घाई केली की तिकडूनही घाई. मला सांगताना कवळीवाला म्हणाला, "ते भांडण नव्हतं रे. मला तेव्हाच कळलं. मी जितका घाबरलो होतो ना, तितकाच घाबरलेला होता तो. त्यालाही बंदच करायची होती."

मग यानं हात मागे घेतला. मीच थांबतो, म्हणजे तरी... पण त्या वेळी गाडी चालू होती. आणि तो तिकडचा... तोही थांबला. त्याला वाटलं असेल, झाली बंद.

गप्प.

आणि मग इंजिन सुरू झालं.

बंद खोलीत. थांबेना. याचे पाय लटपटले, डोकं जड. ओरडायला गेला तर आवाज फुटेना. आत वाकून बटण दाबतो तर ते दाबलंच जाईना, जसं काही वर आधीच कोणीतरी बोट ठेवून बसलंय. लाकडी दाराकडे धावला. कुलूप. किल्ली वर. जिना चढायला गेला तर दुसऱ्या पायरीवर गुडघ्यांवर पडला. तिथूनच तो नुसता म्हणत राहिला, "भिंगरी... भिंगरी..." बाप असून काही म्हणजे काही करता येईना.

वहिनी कशा उठल्या, देव जाणे. त्या म्हणतात, कोणीतरी त्यांचं पांघरूण ओढलं. मागच्या खोलीत धावल्या. पोरगी हाक मारून उठेना. उचलली. रस्त्यावर जायची वाट एकच, खालच्या खोलीतून. पोरीला खांद्यावर टाकून, किल्ल्या मुठीत धरून वहिनी त्या लाल उजेडात उतरल्या. यानं कुलूप कसंबसं काढलं, दाराची दोन्ही पानं लाथेनं उघडली. गार वारा आत आला. वहिनी पोरीला थोपटतायत, गालावर मारतायत, हाका मारतायत.

आणि पोरगी खोकली. मग रडायला लागली.

तेव्हा कवळीवाल्यानं तिला वहिनींच्या खांद्यावरून घेतलं, गाडीच्या उघड्या दारासमोर धरलं आणि म्हणाला... मोठ्यानं नाही, आपण रात्री दुसऱ्याच्या घरात बोलतो तसं. "बघा. उठली ही. ऐकू येतंय का? रडतेय बघा. काढा आता पाय."

काहीच झालं नाही.

मग इंजिन थांबलं.

मग लाल दिवे गेले. हळूच. ब्रेकवरचा पाय कोणीतरी सावकाश उचलावा तसे.

साडेतीनला मला फोन आला. मी चपला न घालता धावलो. तिघं रस्त्यावर एका रजईत बसलेली. गाडी आत होती. पोरीकडे एकदा बघितलं आणि मग मी आत जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला मला. कुलूप जमिनीवर पडलेलं. एवढं मी स्वतः पाहिलं. भिंगरीला लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर उपयोग नव्हता.

गाडी विकायची कोणाला? कोणाच्या ना कोणाच्या घरी वरच्या खोलीत कोणीतरी झोपणारच. भंगारवाल्याकडे नेली आणि आम्ही दोघांनी उभं राहून तिचा चुरा होताना पाहिला. घर सोडलं. दुसरीकडे वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेली. संपलं.

नाही, बसा. संपलं नाही.

नव्या घरात पहिल्याच सकाळी भिंगरीच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. वहिनींनी रात्री कडी लावली होती. दुसऱ्या सकाळीही उघडी. थंडीतही उघडी. पावसातही उघडी, गादी भिजलेली. कवळीवाल्याच्या लक्षात आलं, माझ्याही आलं, पण कोणी काही बोललं नाही. एकदा तो एवढंच म्हणाला, "असू दे. हवा येतेय तिला." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पोरगी वसतिगृहात गेली, तिथंही खिडकी उघडी. लग्न झालं, तिथंही. नवऱ्याला वाटायचं हिलाच सवय आहे. कवळीवाला गेला तेव्हा मनात कुठलीच धास्ती नव्हती. आपल्या पोरीवर रात्री कोणाचं तरी लक्ष असतं, असं समजून गेला तो.

भिंगरी आता सातव्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. त्याचा पाळणा खिडकीखाली असतो, आणि आता तो पाळण्याचा कठडा धरून उभा राहायला लागलाय.

मागच्या महिन्यात तिनं मला बोलावलं. बाप नाही, म्हणून मला. म्हणाली, "काका, सकाळी उठून बघते तर खिडकी उघडी आणि हा उभा." एवढंच म्हणाली. पाळणा दुसऱ्या खोलीत हलवून झाला होता. मग त्या खोलीची खिडकी उघडायला लागली. मी म्हटलं, ग्रिल बसवू. माझ्या हातानं बसवली, पक्के लांब स्क्रू घालून. दुसऱ्या सकाळी ग्रिल भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती आणि स्क्रू शेजारी, हरवू नयेत म्हणून ठेवतात तसे. खिडकी उघडी.

त्याला सांगणार कोण? कोणत्या भाषेत? वाईट हेतू असता तर माणूस काहीतरी उपाय करतो रे. याचा हेतू वाईट नाही. तिथंच हात टेकले मी. बटण दाबताना तरी कुठे वाईट होता?

परवा वेल्डिंगवाला नेला. चारही बाजूंनी ग्रिल भिंतीतल्या सळ्यांना जोडून घेतली. आता हत्ती लावला तरी निघायची नाही, म्हणाला तो. गॅलरीच्या दारालाही आतून नवी कडी बसवली. काल रात्री मी शांत झोपलो.

आज सकाळी भिंगरीचा फोन आला. मीच विचारलं, "ग्रिल?"

"जागेवर आहे."

"खिडकी?"

"बंद आहे, काका."

"मग?"

पाळणा बाहेर गॅलरीत होता. कठड्याला लावून ठेवलेला, वारा लागेल असा. बाळ त्यात गाढ झोपलेलं, पांघरूण चारही बाजूंनी नीट खोचलेलं. आणि गॅलरीच्या दाराची कडी आतून लागलेली होती.